उजागऱ्यांच्या भट्टीचा शब्बाथ

“वहिनी, घोटभर चहा टाका. तुमच्या चुलीवर. आज आमचा विसाव्याचा वार, आमच्यात विस्तव पेटवत नाहीत,” सीलासभाऊजी खाटेवर पडल्या पडल्या म्हणाले.

शनिवारची सकाळ होती. मागच्या अंगणात कडुनिंबाखाली खाट टाकलेली, अंगात पांढराशुभ्र सदरा, तेल लावून चापून बसवलेले केस, छातीवर उघडं पवित्र शास्त्र आणि शास्त्रावर दोन्ही हात. पलीकडे भट्टीच्या खोलीत आत्याबाई काठवटीवर वाकून मैदा मळत होत्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, याच सीलासभाऊजींची सख्खी आई. खाटेपासून काठवट इतकी जवळ की त्यांना लागलेला दम अंगणात ऐकू येत होता.

“तुमच्या चुलीला विस्तव चालत नाही आणि माझ्या चुलीवरचा चहा चालतो?” मी विचारलं.

“विस्तव मी थोडाच पेटवला, वहिनी?” ते डोळे न उघडता म्हणाले. “शब्बाथ माझा आहे. तुमचा नाही.”

मी चहा टाकला. पाप चुलीला लागतं, चहाला लागत नाही, हे मला त्या घरात येऊनच कळलं होतं.

या गोष्टीला आता चाळीसेक वर्षं झाली असतील. उजागरे बेकरी आमच्या तालुक्याच्या गावी मिशन कंपाउंडच्या फाटकासमोर होती, आजही आहे. ती काढली माझ्या सासऱ्यांनी. सासरे मोठे शास्त्रवेडे. तीन मुलगे झाले, तर तिघांना संत पौलाच्या सोबत्यांची नावं दिली: बर्नबा, तीमथ्य आणि सीलास. पौल स्वतः तंबू शिवून पोट भरायचा, हे मात्र मुलांना सांगायचं राहून गेलं असावं.

मधला तीमथ्य माझा नवरा. मैदा मळायचं काम त्याचं होतं. लग्नानंतर चारच वर्षांनी तो काविळीनं गेला, आणि काठवट आत्याबाईंच्या नि माझ्या वाट्याला आली. कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही. एका सकाळी आम्ही दोघी तिथं उभ्या होतो एवढं खरं. थोरले बर्नबाभाऊजी भट्टीच्या तोंडाशी, धाकटे सीलासभाऊजी दुकानात नाहीतर सायकलवर, आणि आम्ही दोघी कोपरापर्यंत पिठात. मला मूलबाळ नव्हतं, माहेर उरलं नव्हतं. विधवेला घरात तोंड तेवढं स्वतःचं असतं, ते मी वापरत होते.

मग बंधू मकासरे नावाचे प्रचारक गावात आले. तंबू ठोकला, पडद्यावर चित्रं दाखवली, आणि सांगितलं की देवानं विसाव्याचा म्हणून जो सातवा दिवस ठरवला तो शनिवार, आणि तुम्ही लोक पिढ्यानपिढ्या रविवार पाळून फसला आहात. सीलासभाऊजींना ते पटलं. त्यांचा पुन्हा बाप्तिस्मा झाला, कालव्यात. त्या वर्षी कालव्याला पाणी कमी होतं, म्हणून त्यांना आडवं निजवून बुडवावं लागलं. थोरल्या भाऊजींनी पंधरा दिवस धाकट्याशी बोलणं टाकलं. ते आमच्या मंडळीच्या पंचकमिटीवर, चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारे. भावानं शनिवार धरला म्हणजे त्यांना मान खाली घालायची वेळ आली.

पण बोलणं टाकून धंदा चालत नाही. शेवटी दोघांनी वाटणी केली. शुक्रवारी दिवेलागणीला सीलासभाऊजी हात धुवायचे ते शनिवारी दिवेलागणीपर्यंत कशाला शिवायचे नाहीत. तोवर बेकरी थोरल्यांनी चालवायची. शनिवारचा सूर्य बुडाला की थोरले हात धुवायचे. रविवारभर बेकरी धाकट्यानं चालवायची. म्हणजे बेकरी एक दिवसही बंद नाही. शनिवारी शाळा सुटल्यावरची गिऱ्हाइकी आणि रविवारी आठवडी बाजाराची, दोन्ही हातात. धर्म राहिला, गल्लाही राहिला. असा तोडगा काढायला डोकं लागतं, आणि ते देवानं दोघांनाही दिलं होतं.

फक्त शनिवारी थोरल्यांसाठी मैदा कोण मळणार? आत्याबाई. आणि रविवारी धाकट्यासाठी? आत्याबाई. बरोबर मी होतेच. शिवाय रविवारी चर्चहून आल्यावर थोरल्यांना मटणाचा रस्सा लागायचा, आणि त्यांच्या सुवार्ताबाई नवऱ्याच्या जोडीनं विसावा घ्यायच्या, त्यामुळे रस्साही आमच्याच चुलीवर. शनिवारी एका मुलाचा चहा, रविवारी दुसऱ्याचा रस्सा. दोन शब्बाथ एका घरात आले आणि आत्याबाईंच्या आठवड्यातून सुट्टीचा दिवसच नाहीसा झाला. चर्चला नेसायचं पांढरं पातळ पेटीत पडून पिवळं पडलं. नाताळाला तेवढं बाहेर निघायचं.

तर त्या शनिवारी मी चहाचा कप घेऊन अंगणात आले, आणि भट्टीच्या खोलीतला दम ऐकू येईनासा झाला. मी आत डोकावले. आत्याबाई काठवटीशेजारी जमिनीवर बसल्या होत्या, पाठ भिंतीला, एक हात अजून पिठात. ओठ निळसर झाले होते.

मी ओरडले. थोरले दुकानातून धावत आले. सीलासभाऊजीही उठले. शब्बाथाच्या दिवशी खड्ड्यात पडलेला बैल बाहेर काढायला शास्त्राची परवानगी आहे, ती त्यांना आठवली असावी.

आम्ही त्यांना मिशनच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, औषध दिलं, आणि दोन्ही मुलांना समोर उभं करून सांगितलं, “हृदय थकलंय. मळायचं काम हळूहळू सोडवा. निदान आठवड्यातला एक दिवस तरी त्यांनी पिठाला हात लावायचा नाही, भट्टीजवळ जायचं नाही. नुसतं बसायचं. हे जमलं नाही तर पुढच्या वेळी मला बोलावू नका, पाळकांना बोलवा.”

दोघांनी माना हलवल्या. आत्याबाईंनी बिछान्यावरून विचारलं, “नुसतं बसायचं?”

“नुसतं बसायचं, आजी.”

आत्याबाईंच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. दुकानाच्या काचेमागचा केक बघणाऱ्या पोरीसारखं काहीतरी.

दवाखान्याच्या पायरीवर पोचायच्या आतच भांडण लागलं.

“आई रविवारी बसेल,” थोरले म्हणाले. “प्रभूचा दिवस आहे. ती आपल्या मंडळीची आहे.”

“रविवारी?” सीलासभाऊजी म्हणाले. “मग बाजाराच्या दिवशी मी एकट्यानं मळू? तिनं शनिवारी बसावं. देवानं सातवा दिवस सांगितलाय. जीव वाचायचा तर आज्ञा पाळून वाचू दे.”

“आणि शनिवारी मी एकट्यानं मळू?”

“तो तुमचा प्रश्न. माझा प्रश्न तिच्या आत्म्याचा आहे.”

“माझाही आत्म्याचाच आहे!” थोरले ओरडले.

दोघांनाही आईच्या आत्म्याची काळजी होती आणि दोघांच्याही काळजीतून मैदा सांडत होता. मी म्हटलं, “कुठलाही वार धरा, पण याच आठवड्यात धरा.” माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. कारण आता तो वार राहिला नव्हता, निवाडा झाला होता. आई शनिवारी बसली तर ती शनिवारवाली ठरणार, मंडळीत थोरल्यांचं नाक कापलं जाणार. रविवारी बसली तर बंधू मकासऱ्यांच्या सभेत धाकट्याला विचारणार, स्वतःची आई वळवता आली नाही, तू जगाला काय वळवणार? चुकीच्या दिवशी बसण्यापेक्षा तिनं न बसलेलं दोघांनाही परवडत होतं. ती उभी होती तोवर कुणीच हरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, आत्याबाईंनी मैदा मळला. पुढच्या शनिवारीही मळला.

मग प्रकरण वरच्या कोर्टात गेलं. गुरुवारी दुपारी थोरल्यांनी आमच्या मंडळीचे पाळक आढावसाहेब यांना बोलावलं, आणि धाकट्यानं बंधू मकासऱ्यांना. दुकानाच्या पुढच्या खोलीत दोघं समोरासमोर बसले. आढावसाहेब गोरे, स्थूल, आवाज असा की शेवटच्या बाकावरचा बहिराही जागा व्हावा. मकासरे बारीक, काळ्या कोटातले, बोटानं हवेत वचनं टोचणारे. विषय होता विसावा. विसाव्यावर एवढं घसा फोडून बोलणारी माणसं मी आधी पाहिली नव्हती.

“विसावा हा वार नव्हे, बंधू,” आढावसाहेब म्हणाले. “विसावा म्हणजे ख्रिस्त. माणूस आयुष्यभर आपल्या पुण्याची ओझी वाहतो, मी हे केलं, मी ते केलं. ते ओझं त्याच्या चरणी टाकून जीव त्याच्या हवाली करणं, कमावणं थांबवणं, हाच खरा विसावा. आत्म्याचं तारण दान आहे, मजुरी नाही.”

मकासऱ्यांनी बोट वर केलं. “आमेन. पण सर्वसमर्थानं स्वतः सहा दिवस काम केलं आणि सातव्या दिवशी हात थांबवले. तो काय दमला होता? नाही. पुरे, हे म्हणता यावं म्हणून त्यानं हात थांबवले. देवाला पुरे म्हणता येतं, साहेब. आपल्याला येत नाही.”

खोटं कशाला बोलू, दोघंही चांगलं बोलले. त्यातलं एक वाक्य जरी त्यांच्या स्वतःच्या कानात शिरलं असतं तरी त्या घराचं भलं झालं असतं. पण बोलताना माणसाचे कान बंद असतात. ओझी चरणी टाका म्हणत आढावसाहेब नानकटाईचा पाचवा तुकडा उचलत होते, आणि तो तुकडा ज्यांनी भाजला त्या आत्याबाई कपबश्यांचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. हाताला अजून पीठ होतं.

“मंग मी कवा बसू?” त्यांनी विचारलं.

“शनिवारी,” मकासरे म्हणाले. “रविवारी,” आढावसाहेब म्हणाले. दोघं एकदमच म्हणाले.

मला राहवलं नाही. “बंधू,” मी म्हटलं, “विसाव्याच्या आज्ञेत मुलगा आहे, मुलगी आहे, चाकर आहे, दासी आहे. बैल आहे, गाढव आहे. दारी आलेला परका माणूससुद्धा आहे. सगळ्यांनी त्या दिवशी थांबायचं. त्यात आई कुठं आहे?”

मकासऱ्यांनी बोट खाली घेतलं. “आई गृहीत आहे, ताई.”

“अर्थात,” आढावसाहेब म्हणाले. “गृहीत आहे.”

त्या दोघांचं एकमत झालेली ती पहिलीच गोष्ट. थोरल्यांनी मान डोलावली, धाकट्यानंही. आत्याबाई स्वतःच्या हातांकडे बघत राहिल्या. मग “बरं” म्हणाल्या, आणि रिकाम्या कपबश्या उचलून आत गेल्या.

त्यानंतरच्या बुधवारी सकाळी मी भट्टीच्या खोलीत गेले, तर काठवट कोरडी. आत्याबाई नव्हत्या. मी घरात पाहिलं, अंगणात पाहिलं. शेवटी दुकानात आले, तर त्या बाहेर, गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या बाकड्यावर बसलेल्या. न्हालेल्या, केस विंचरलेले, अंगावर ते पिवळं पडलेलं पांढरं पातळ, हात मांडीवर. हातांना पीठ नव्हतं म्हणून ते मला ओळखूच आले नाहीत.

थोरले भाऊजी बाहेर आले. “आई, बरं वाटत नाही का?”

“बरं हाय.”

“मग?”

“बसलेय.”

“आज बुधवार आहे.”

“व्हय.”

“बुधवारी कुणी बसतं का?”

“शनिवार सीलासचा,” आत्याबाई शांतपणे म्हणाल्या. “रईवार तुजा. शुक्कीरवार मशिदीवाल्यांचा. सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा. बुधवार कुणाच्या भांडणात न्हाई. म्हनलं, ह्यो घ्यावा.”

थोरल्यांनी सायकलला पावाची टोपली बांधणाऱ्या भावाला हाक मारली. सीलासभाऊजी आले, त्यांनी ऐकून घेतलं, आणि वाटणीनंतरच्या पाच वर्षांत पहिल्यांदा ते दोघं भाऊ एका बाजूला उभे राहिले.

“बुधवारचा शब्बाथ!” धाकटे म्हणाले. “शास्त्राबाहेरचे परराष्ट्रीय लोकसुद्धा असलं करत नाहीत.”

“कुठल्या वचनात आहे?” थोरले म्हणाले. “आई, लोक हसतील.”

“हसू दे की. हसनं वाईट असतंय व्हय?”

शेवटी दोघं माझ्याकडे वळले, जणू हे मीच शिकवलं होतं. शिकवलं असतं तर मला अभिमान वाटला असता. त्या दिवशी मैदा मी एकटीनं मळला, जमेल तेवढा. दुपारी आत्याबाईंनी मला बाकड्यापाशी बोलावलं. “यमू, तू मळलंस तर म्या बसून काय उपेग? माजं वझं उचलून तुज्या डोसक्यावर. त्याला काय म्हंत्यात?”

दुसऱ्या बुधवारी मीही बसले. पहिला तास मला असह्य गेला. हात चोरीचे असल्यासारखे वाटत होते; कुठं ठेवावेत कळेना. आतून थोरल्यांचं धापा टाकणं ऐकू येत होतं. पन्नाशीचा गडी, पोट सुटलेलं, आयुष्यात पहिल्यांदा कोपरापर्यंत पिठात. त्या दिवशीचे पाव असे कडक उतरले की कंपाउंडातल्या म्हाताऱ्यांनी ते चहात बुडवून दुसऱ्या दिवशी खाल्ले. मला फार बरं वाटलं.

“आत्याबाई,” मी विचारलं, “तुम्ही बसल्या बसल्या प्रार्थना करता का?”

“पयल्या बुधवारी केली. समद्यांची नावं घेतली. बर्नबा, सीलास, तू, तीमथ्य. मग पुन्यांदा घेतली. मग वाटलं, द्येवाला म्हाईत हाय की. मीच किती येळा सांगू? त्यो बी ऐकून दमला आसंल.” त्या रस्त्याकडे बघत होत्या. “मग म्या गप बसले. त्यो बी गप बसला. लय बरं वाटलं बघ. एवढ्या वर्सात त्याच्यासंगं अशी कवाच बसले नव्हते.”

मी नुसती त्यांच्या शेजारी बसून राहिले, आणि मग हातांचं काही वाटेनासं झालं.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. त्याच आठवड्यात आढावसाहेब येऊन गेले. या वेळी बसले नाहीत. आत्याबाईंना म्हणाले, “हन्नाबाई, मंडळीला एक शिस्त असते. प्रभूच्या दिवशी काम आणि आडवारी विसावा, हे उघड उघड चाललं तर पंचकमिटीला विचार करावा लागेल. कबरस्तानातली जागा मंडळीच्या नियमात असणाऱ्यांनाच मिळते, हे तुम्हाला माहीत आहे.”

आत्याबाईंचा रंग उतरला. कंपाउंडच्या मागे ते कबरस्तान होतं. तिथं माझे सासरे होते, त्यांच्या उजव्या हाताला माझा तीमथ्य, आणि डाव्या हाताला एका माणसाची जागा. दर वर्षी आत्याबाई त्या जागेवरचं गवत स्वतः उपटायच्या. जगात त्यांच्या मालकीचं म्हणावं असं तेवढंच होतं.

“साहेब,” मी म्हटलं, “पाच वर्षं त्या रविवारी मैदा मळतायत. तुमच्याच घरी त्यातलेच पाव जातात. तेव्हा शिस्त कुठं होती? त्या राबल्या तेव्हा कुणाचं पाप झालं नाही. बसल्या तेव्हा झालं?”

“तुम्ही मधे बोलू नका,” आढावसाहेब म्हणाले.

त्या रात्री आत्याबाई जेवल्या नाहीत. मंगळवारी त्या दिवसभर काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, संपलं. बुधवारी मी भीत भीत दुकानात आले. बाकड्यावर पांढरं पातळ होतं.

“आणि जागा?” मी विचारलं.

“मेल्यावर कुटं निजवायचं ते त्यांनी ठरवावं,” त्या म्हणाल्या. “जित्तेपनी कुटं बसायचं ते म्या ठरवलंय.” पण हे म्हणताना त्यांनी कंपाउंडच्या फाटकापलीकडे बघितलं, आणि मी त्यांचा हात धरला.

दुपारच्या आधी आढावसाहेब आले. दुसऱ्या बाजूनं बंधू मकासरे आले. त्यांना वाटलं असावं, मंडळीनं टाकलेली बाई आपल्या झोळीत पडेल. पडकं फळ वेचायला पाखरं येतातच. दोघं बाकड्यासमोर उभे राहिले. त्यांच्या मागं सीलासभाऊजी.

“हन्नाबाई, मी शेवटचं विचारायला आलोय,” आढावसाहेब म्हणाले. “संध्याकाळी कमिटी बसणार आहे. मी त्यांना काय सांगू?”

“आमच्या बंधूंची कबरस्तानाला नवी जागा आहे, आई,” मकासरे हळूच म्हणाले. “तुम्ही फक्त शनिवार धरा.”

तेवढ्यात थोरले भाऊजी आतून आले. आढावसाहेबांच्या बाजूनं बोलायला आले होते, ते त्यांच्या चालण्यावरूनच दिसत होतं. सदरा घामानं अंगाला चिकटलेला, मिशांवर मैदा, दोन्ही हात लाकडासारखे लोंबत असलेले. पहाटेपासून ते एकटे मळत होते.

“आई, पाळकसाहेब म्हणतात ते...” त्यांनी सुरुवात केली आणि दम लागून थांबले.

आत्याबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग त्या माझ्या बाजूला सरकल्या आणि बाकड्यावर हात थोपटला. “बस.”

“नको. भट्टीत पाव आहेत. आई, ऐक, कमिटी...”

“बस रं, बर्नबा. दमलास.”

कुणी त्यांना असं कधी म्हटलं असेल का, कोण जाणे. पंचकमिटीचा माणूस, पहिल्या बाकावरचा, त्यांच्याकडून लोक हिशेब मागायचे, सल्ला मागायचे, पाव मागायचे. ते एक क्षण उभे राहिले आणि मग बसले. पाय लांब केले. डोकं आईच्या खांद्यावर टेकलं, ते टेकवावं असं त्यांनी ठरवलं नव्हतं. बघता बघता तोंड उघडं पडलं आणि थोरले भाऊजी घोरायला लागले.

कबरस्तानाचं इथंच सांगून टाकते, म्हणजे कुणाचा जीव टांगणीला नको. आत्याबाई त्यानंतर बरीच वर्षं जगल्या, आणि सासऱ्यांच्या डाव्या हातालाच आहेत. त्या संध्याकाळी कमिटीत थोरले भाऊजी उठून म्हणाले की माझ्या आईची जागा जो काढील त्यानं आधी माझी काढावी, आणि येऊन एकदा मैदा मळून दाखवावा. कमिटीतल्या कुणाला मळता येत नव्हतं. पण हे सगळं नंतरचं. बाकड्यावर बसलो होतो तेव्हा आम्हाला त्यातलं काही माहीत नव्हतं. तेव्हा फक्त धमकी समोर उभी होती.

आढावसाहेबांना घोरणं आवडलं नाही. त्यांनी आवाज चढवला. मकासऱ्यांनीही चढवला. एक म्हणत होता, या बाईंना विसाव्याचा अर्थच कळलेला नाही. दुसरा म्हणत होता, तुम्ही तो कधी नीट शिकवलातच कुठं? एक वचन इकडून, एक वचन तिकडून. सीलासभाऊजी मधे उभे राहून दोघांकडे आळीपाळीनं बघत होते. रस्त्यावर माणसं थांबायला लागली.

आत्याबाईंनी बोट ओठांवर ठेवलं.

“हळू बोला,” त्या म्हणाल्या. “मानूस निजलाय.”

धर्मशास्त्रात याला काय उत्तर आहे ते दोघांनाही आठवेना. थोडा वेळ ते कुजबुजत्या आवाजात भांडले, पण कुजबुजून भांडण रंगत नाही. मग एक या बाजूला गेला, एक त्या बाजूला. मला त्यांची कीव आली नाही. तेवढी मी चांगली ख्रिस्ती नाही. सीलासभाऊजी बराच वेळ उभे राहिले, आणि मग बाकड्यावर जागा नव्हती म्हणून पायरीवर, आईच्या पायाशी बसले. त्यांचा वार नसताना.

आतून करपल्याचा वास यायला लागला. माझे पाय आपोआप हलले.

“आत्याबाई,” मी म्हटलं, “पाव जळतायत.”

त्यांनी थोरल्याच्या मिशीवरचा मैदा पदरानं पुसला आणि डोकं मागं भिंतीला टेकवलं.

“जळू दे,” त्या म्हणाल्या.